शोधाधारित विज्ञान-अध्यापन : लंबकाच्या एका प्रश्नावर तीन तासिका

सहावी ते आठवीच्या वर्गात शोधाधारित पद्धतीने विज्ञान शिकवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे सगळे आधीच फळ्यावर लिहिले जाते, मुले ते सांगितल्याप्रमाणे पार पाडतात आणि पुस्तकातलेच वाक्य वहीत अनुमान म्हणून उतरवतात. नाही तर ‘तुम्हीच शोधून काढा’ असे म्हणून मुलांच्या हाती साहित्य दिले जाते, अर्धाअधिक तास गोंधळात जातो आणि शेवटच्या पाच मिनिटांत शिक्षक स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. दोन्ही वर्गांत मुलांच्या हातांना काम मिळालेले असते. पण आपण मोजलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हा विचार कोणीच केलेला नसतो. हा विचार ज्या तासिकेत होतो, तिलाच शोधाधारित तासिका म्हणावे असे माझे ठाम मत आहे.

पुढची सगळी मांडणी एकाच प्रश्नावर केली आहे : दोऱ्याला टांगलेल्या वजनाला एक हेलकावा पूर्ण करायला लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असतो? या प्रश्नाला खर्च जवळजवळ येत नाही, आग किंवा आम्ल लागत नाही, एका तासिकेत पुष्कळ मोजण्या होतात, आणि बहुतेक मुलांचा पहिला अंदाज चुकतो. सुमारे ४० मुलांचा सातवीचा वर्ग, पाच-पाच जणांचे आठ गट आणि ४० मिनिटांच्या तीन तासिका असे गृहीत धरले आहे.

## पूर्वतयारी

### १. प्रश्न निवडणे

तासिका बिघडते ती बहुधा येथेच. शोधासाठी घेतलेल्या प्रश्नात मुलांना स्वतःच्या हाताने बदलता येईल अशी किमान एक गोष्ट असावी, आणि त्या बदलाचा परिणाम वर्गातल्या साधनांनी मोजता यावा. ‘लंबक म्हणजे काय?’ हा व्याख्येचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे नसते, सांगायचे असते. ‘पृथ्वी वस्तूला का खेचते?’ हा प्रश्न मोठा आहे, पण सातवीच्या वर्गात तो दोऱ्याने आणि मोजपट्टीने सुटणार नाही. ‘वजन वाढवले तर दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ बदलतो का?’ हा मात्र वीस मिनिटांत तपासता येणारा प्रश्न आहे.

प्रत्येक पाठ या पद्धतीने शिकवण्याचा हट्ट धरू नये. एकके, चिन्हे, मूलद्रव्यांच्या संज्ञा, वनस्पतींची शास्त्रीय नावे हे सगळे संकेत आहेत आणि संकेत कोणी ‘शोधून’ काढू शकत नाही. अणूच्या रचनेसारख्या विषयातही मुलांच्या हाती मोजण्याजोगे काही नसते. असे भाग सरळ, नीट समजावून सांगावेत आणि त्यात वाचलेला वेळ येथे खर्च करावा.

### २. साहित्य जमवणे आणि स्वतः मोजून पाहणे

प्रत्येक गटाला सुमारे दीड मीटर न ताणला जाणारा दोरा, एकाच मापाचे तीन-चार लोखंडी नट, दोन लाकडी मोजपट्ट्या, दोन रबरबँड, तारेची एक क्लिप आणि सेकंद दाखवणारे घड्याळ लागेल. लोकर किंवा इलॅस्टिक घेऊ नये, कारण वजन टांगल्यावर त्यांची लांबी वाढते आणि ती वाढ कोणाच्याही लक्षात येत नाही.

टांगण्याची जागा हलणारी असेल तर सगळ्या मोजण्या संशयास्पद ठरतात. दोन मोजपट्ट्यांच्या मध्ये दोरा दाबून त्या रबरबँडने घट्ट बांधाव्यात, त्यांची टोके बाकाच्या कडेबाहेर थोडी काढावीत आणि वर एखादे जड दप्तर ठेवावे. या रचनेत दोरा कोठून हलायला लागतो तो बिंदू स्पष्ट दिसतो आणि दोरा ओढून लांबीही चटकन बदलता येते. पेन्सिलीला दोरा गुंडाळला तर हेलकाव्याबरोबर गुंडाळी थोडी उलगडते आणि लांबी कमी-जास्त होते. बाकाची उंची बहुधा पाऊण मीटरच्या आसपास असते, म्हणून ७५ आणि १०० सेंटिमीटर लांबीसाठी जिन्याचा कठडा किंवा टेबलावर घट्ट बसवलेले स्टूल आधीच हेरून ठेवावे.

लांबी मोजायची ती टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत. गाठीपर्यंत किंवा नटाच्या खालच्या कडेपर्यंत मोजली तर १ सेंटिमीटरची चूक सहज होते.

यानंतर शिक्षकाने एकट्याने सगळे मोजून पाहावे. रचना नीट असेल आणि वजन थोडेच बाजूला खेचून सोडले असेल, तर दहा पूर्ण हेलकाव्यांना (वजन सुटलेल्या बाजूला परत आले की एक) लागणारा वेळ पुढील आकड्यांच्या जवळ यायला हवा :

- लांबी २५ सेंटिमीटर : १०.० सेकंद
- लांबी ५० सेंटिमीटर : १४.२ सेकंद
- लांबी ७५ सेंटिमीटर : १७.४ सेकंद
- लांबी १०० सेंटिमीटर : २०.१ सेकंद

हे आकडे आपल्या टाचणवहीत ठेवावेत, फळ्यावर आणू नयेत. ते एकदा मुलांना दिसले की पुढची प्रत्येक नोंद त्यांच्याकडे ओढली जाते. ‘बरोबर’ आकडा माहीत असलेला गट मोजणे थांबवतो आणि जुळवणे सुरू करतो.

तपासणी : आपल्या स्वतःच्या मोजण्या या आकड्यांपासून अर्ध्या सेकंदाहून अधिक दूर गेल्या, तर वर्गात जाण्यापूर्वी आधार हलतो का आणि लांबी कोठून कोठपर्यंत मोजली हे पाहावे.

### ३. बैठक आणि कामाची वाटणी

प्रत्येक गटात वजन सोडणारा, हेलकावे मोजणारा, घड्याळ पाहणारा, नोंद ठेवणारा आणि ‘काय काय तसेच राहिले’ यावर लक्ष ठेवणारा अशी पाच कामे असावीत आणि ती दर मोजणीच्या संचानंतर फिरावीत. ती फिरवली नाहीत तर वही कायम सुंदर अक्षर असलेल्या मुलीकडे आणि घड्याळ कायम मॉनिटरकडे राहते. छताचे पंखे बंद करावेत; चालू पंख्याखाली हलका नट सरळ रेषेत न हलता गोल फिरू लागतो.

घड्याळे पुरेशी नसतील तर रीत उलटी करता येते. शिक्षकाने एकाच घड्याळावर ‘सुरू’ आणि ‘थांबा’ म्हणत ३० सेकंदांचा अवधी द्यावा आणि प्रत्येक गटाने तेवढ्या वेळात किती हेलकावे झाले ते मोजावे. २५ सेंटिमीटरला सुमारे ३०, ५० ला सुमारे २१ आणि १०० ला सुमारे १५ हेलकावे येतात. यात अपुरा राहिलेला हेलकावा हिशेबात धरता येत नाही, म्हणून अचूकता थोडी कमी होते. पण काम अडत नाही.

## पहिली तासिका : अंदाज, प्रश्न आणि मोजण्याची रीत

### ४. आधी दाखवावे, नंतर लिहून घ्यावे

एक आखूड आणि एक लांब असे दोन लंबक वर्गासमोर टांगावेत, एकाच वेळी सोडावेत आणि काही न बोलता मुलांना मिनिटभर पाहू द्यावे. मग ‘काय दिसले?’ एवढेच विचारावे. ‘आखूड लंबक जास्त वेगाने का हलतो?’ असे विचारल्यास निरीक्षण आणि त्याचा निष्कर्ष दोन्ही शिक्षकानेच देऊन टाकलेले असतात.

मुलांनी सांगितलेल्या गोष्टींवरून ‘हेलकाव्याचा वेळ कशाने बदलेल असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न फळ्यावर येऊ द्यावा. वजन, दोऱ्याची लांबी आणि किती लांब खेचून सोडले या तीन गोष्टी बहुतेक वर्गांत येतातच. दोऱ्याची जाडी, नटाचा आकार, सोडताना दिलेला धक्का याही येतात. त्या बाजूला लिहून ठेवाव्यात, खोडू नयेत.

यानंतर प्रत्येक मुलाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहावा. तो एकट्याने आणि गटात चर्चा होण्यापूर्वी लिहावा, हा क्रम मोडू नये. चर्चेनंतर लिहून घेतलेला अंदाज हा वर्गातल्या सर्वांत ठाम बोलणाऱ्या मुलाचा असतो. मग हात वर करून मोजणी घ्यावी आणि ‘वजन वाढले तर वेळ कमी होईल : इतके, वाढेल : इतके, तसाच राहील : इतके’ असे आकडे फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून तिसऱ्या तासिकेपर्यंत जपावेत.

सावधान : बरोबर अंदाजाला ‘शाब्बास’ आणि चुकीच्या अंदाजाला ‘असं का वाटतं तुला?’ असा प्रतिसाद दिला, तर मुलांना उत्तर कळलेच म्हणून समजावे. दोन्ही अंदाजांना एकाच सुरात ‘कारण लिही’ म्हणावे. मुले शिक्षकाचा चेहरा पुस्तकापेक्षा लवकर वाचतात.

### ५. अंदाजातून तपासता येणारा प्रश्न घडवणे

मुलांचे प्रश्न सुरुवातीला मोघम असतात : ‘जड असेल तर काय होईल?’ त्यांना एक साचा द्यावा : ‘आम्ही अमुक बदलू, तमुक मोजू आणि बाकी या गोष्टी तशाच ठेवू.’ प्रत्येक गटाने आपला प्रश्न या साच्यात बसवून दाखवावा. साचा देणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. या वयात मुक्त प्रश्नापेक्षा असा आधार अधिक उपयोगी पडतो आणि दोन-तीन विषयांनंतर तो आपोआप गळून पडतो.

आठ गटांपैकी तिघांनी वजन, तिघांनी लांबी आणि दोघांनी खेचण्याचे अंतर घ्यावे. एका प्रश्नावर किमान दोन गट असलेच पाहिजेत. एकच गट असेल तर त्याचे आकडे पडताळायला दुसरे काहीच उरत नाही.

### ६. सर्वांनी एकच लंबक मोजणे

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनांत गाळलेली असते आणि पुढचा सारा घोळ त्यामुळेच होतो. आपापल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आठही गटांनी ५० सेंटिमीटर लांबीचा, एका नटाचा लंबक करावा आणि दहा हेलकाव्यांचा वेळ फळ्यावर लिहावा. सगळ्यांचा लंबक सारखाच असूनही आकडे सारखे येणार नाहीत. ‘लंबक तोच, मग आकडे वेगळे का?’ या प्रश्नावर दहा मिनिटे खर्च करावीत.

शिक्षकाला मात्र आकड्यावरूनच चूक ओळखता आली पाहिजे :

- १२.८ सेकंदांच्या आसपास : वजन सोडतानाच ‘एक’ म्हटले आहे, म्हणजे प्रत्यक्षात नऊच हेलकावे मोजले गेले.
- ७.१ सेकंदांच्या आसपास : एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेल्यावरच हेलकावा पूर्ण धरला आहे.
- १५.६ सेकंदांच्या आसपास : एक हेलकावा जास्त मोजला आहे.
- १४.० ते १४.४ : मोजणी ठीक आहे, उरलेला फरक हाताचा आणि डोळ्याचा आहे.

चूक ओळखू आली तरी ती जाहीर करू नये. १२.८ आलेल्या गटाला सर्वांसमोर मोठ्याने मोजायला सांगावे. नट सुटताक्षणी ‘एक’ ऐकू आले की दुसऱ्या गटातला कोणी तरी हटकतोच, ‘अरे, अजून एक पूर्ण कुठे झाला?’ तेथून ‘सोडताना शून्य’ हा नियम वर्गाचा स्वतःचा होतो. नट सुटलेल्या बाजूला परत आला की एक, हा दुसरा नियमही असाच ठरतो.

एकाऐवजी दहा हेलकावे का मोजायचे, हेही येथेच विचारावे. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना हाताला थोडा उशीर होतो. तो एका हेलकाव्याच्या मोजणीत सगळाच्या सगळा शिरतो, तर दहांच्या मोजणीत तोच उशीर दहा हेलकाव्यांत वाटला जातो. ‘एकच हेलकावा पाच वेळा मोजा आणि आकड्यांतला फरक पाहा’ एवढे सांगितले तर मुले हे स्वतः दाखवून देतात.

तपासणी : आठही गटांची दुसरी मोजणी १४ सेकंदांच्या आसपास आल्याशिवाय दुसऱ्या तासिकेकडे जाऊ नये. वेळ कमी पडला तर पुढची तासिका येथूनच सुरू करावी.

## दुसरी तासिका : आराखडा आणि मोजण्या

### ७. आराखड्याला मान्यता

मोजणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येक गटाने अर्ध्या पानावर काय बदलणार, किती किती बदलणार, काय तसेच ठेवणार आणि प्रत्येक मोजणी किती वेळा करणार हे लिहावे. शिक्षकाने तेवढेच वाचावे आणि गटातल्या कोणत्याही एका मुलाला, शक्यतो गप्प बसलेल्या मुलाला, ‘यात काय बदलायचं नाही आणि का?’ असे विचारावे. उत्तर आले तर सही करावी. नाही आले तर गटाने त्याला समजावावे आणि शिक्षकाने दोन मिनिटांनी परत यावे.

चार लांब्या आणि प्रत्येकी तीन मोजण्या म्हणजे बारा नोंदी होतात. त्या २० ते २५ मिनिटांत पूर्ण होतात. याहून मोठा आराखडा तेथेच कमी करायला सांगावा.

### ८. मोजणी चालू असताना दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे

पहिले ठिकाण वजन बदलणाऱ्या गटांचे आहे. दुसरा नट लावायचा म्हटले की मुले तो पहिल्याच्या खाली बांधतात, तिसरा त्याच्याही खाली. आता वजन वाढले, पण वजनाचा मध्यही खाली सरकला, म्हणजे लंबकाची लांबी वाढली. २ सेंटिमीटर उंचीचे तीन नट एकाखाली एक टांगले तर मध्य २ सेंटिमीटर खाली जातो. मुळात २५ सेंटिमीटरचा लंबक २७ सेंटिमीटरचा होतो आणि दहा हेलकाव्यांचा वेळ १०.० वरून सुमारे १०.४ सेकंदांवर जातो. मुलांची मोजणी अगदी अचूक असते आणि तरीही ‘जड लंबक हळू हलतो’ हा निष्कर्ष चुकीचा निघतो. उपाय सोपा आहे : तारेची क्लिप हुकासारखी वाकवून सगळे नट त्या एकाच हुकात शेजारी-शेजारी अडकवायचे.

हा उपाय आधी सांगू नये. तीन गटांपैकी एखादा तरी नट एकाखाली एक बांधतोच आणि त्या गटातली मुलगी सांगत येते, ‘बाई, तीन नट लावले की वेळ वाढतो.’ अशा वेळी ‘नाही, परत मोज’ असे म्हणणे हा तिच्या मोजणीवर अन्याय आहे. ‘तीन नट लावल्यावर लांबी पुन्हा मोजलीस का?’ एवढेच विचारून पुढे जावे. ती मोजपट्टी हातात घेईल, मध्य कोठे धरायचा यावर गटात वाद होईल, आणि हा वाद दहा मिनिटे चालला तरी तो थांबवू नये. बाकी सगळे तसेच ठेवणे किती अवघड असते, हे मुलांना कळण्याची यापेक्षा चांगली जागा या तीन तासिकांत दुसरी नाही.

दुसरे ठिकाण खेचण्याचे अंतर बदलणाऱ्या गटांचे आहे आणि येथे चूक बहुधा शिक्षकाची होते. खेचण्याच्या अंतराचा वेळेवर परिणाम होत नाही, असे आपण शिकलेले असतो आणि मुलांनीही तेच म्हणावे अशी अपेक्षा धरतो. हे विधान फक्त लहान कोनांपुरते, तेही जवळपास, खरे आहे. दोरा उभ्या रेषेपासून २० अंशांपर्यंत खेचला तर फरक एक टक्क्याहूनही कमी असतो आणि वर्गातल्या घड्याळावर तो दिसत नाही. पण ६० अंशांपर्यंत खेचला तर हेलकाव्याचा वेळ सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ५० सेंटिमीटरच्या लंबकाला दहा हेलकाव्यांसाठी १४.२ ऐवजी १५ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. हेलकावे हळूहळू लहान होत जातात, म्हणून प्रत्यक्ष वाढ पूर्ण सात टक्क्यांपेक्षा थोडी कमी भरते. ‘खूप खेचलं तर वेळ वाढतो, सर’ असे एखादा गट म्हणत असेल, तर तो गट बरोबर आहे. त्याला गप्प केले तर पुराव्यापेक्षा पुस्तक मोठे हा धडा आपण शिकवलेला असतो. त्या गटाला कोनमापक द्यावे आणि किती अंशांपर्यंत वेळ तसाच राहतो व कोठून बदलू लागतो हे शोधायला सांगावे.

### ९. नोंदी खोडू नयेत

एखादी मोजणी इतरांपेक्षा फार वेगळी आली की मुले रबर उचलतात. वर्गात पेन्सिलीऐवजी पेननेच नोंदी घ्याव्यात. शंकास्पद आकड्यावर एक आडवी रेघ मारावी, तो वाचता येईल असाच ठेवावा आणि शेजारी कारण लिहावे : ‘नट बाकाला लागला’, ‘मोजताना हसलो’. कारण सापडत नसेल तर आकडा तसाच राहील आणि आणखी एकदा मोजले जाईल.

फिरताना शिक्षकाने विचारायचे प्रश्न थोडेच असावेत : हे कशावरून म्हणता? पुन्हा केलं तर तेच येईल का? या दोन मोजण्यांत आणखी काही बदललं का? ‘मग यावरून काय कळतं?’ हा प्रश्न दुसऱ्या तासिकेत विचारू नये. तो विचारला की मुले मोजणे अर्ध्यावर सोडून निष्कर्ष लिहायला बसतात.

## तिसरी तासिका : पुरावा आणि वाद

### १०. आकडे एकत्र मांडणे

सर्व गटांचे आकडे फळ्यावर तीन तक्त्यांत घ्यावेत. पहिल्यांदा वजनाचा तक्ता घ्यावा, कारण खरा वाद तेथे आहे. समजा एका गटाला एका नटासाठी १४.०, १४.३, १४.४ आणि तीन नटांसाठी १४.२, १४.४, १४.५ असे आकडे आले. मुले सरासरी काढून सांगतात की तीन नटांना जास्त वेळ लागतो, कारण सरासरी जास्त आहे.

येथे घाई करू नये. एकाच लंबकाच्या तीन मोजण्यांत ०.४ सेकंदांचा फरक पडतो आणि दोन वजनांच्या सरासरीत ०.१ सेकंदाहून थोडाच अधिक फरक आहे, तर तो फरक वजनामुळे आहे असे म्हणता येईल का? हा प्रश्न विचारून मुलांना बोलू द्यावे. मग दुसऱ्या दोन गटांचे आकडे पाहावेत. त्यांतल्या एखाद्यात फरक उलट्या बाजूला गेलेला असण्याची शक्यता बरीच असते. ‘आमच्या मोजणीत दिसेल एवढा परिणाम वजनाचा होत नाही’ या वाक्यापर्यंत वर्ग पोहोचला तर तिसऱ्या तासिकेचे काम झाले. ‘वजनाचा काहीच परिणाम होत नाही’ असे मुलांनी लिहिले तर पहिल्या वाक्याशी त्याची तुलना करून घ्यावी.

### ११. लांबीचा आलेख

आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर दहा हेलकाव्यांचा वेळ घेऊन चार बिंदू मांडावेत. मुलांना सरळ रेषेची सवय असते आणि पट्टी ठेवून बिंदू जोडण्याचा मोह अनावर असतो. पट्टी बाजूला ठेवायला सांगावी आणि विचारावे : लांबी २५ ची ५० केली तेव्हा वेळ दुप्पट झाला का? तो १० चा १४ झाला. दुप्पट केव्हा झाला? लांबी १०० झाली तेव्हा, म्हणजे चौपट. ‘लांबी चौपट, वेळ दुप्पट’ एवढे या वयाला पुरे आहे. वर्गमुळाचे सूत्र येथे लिहिले तर वर्गाचे लक्ष आलेखावरून सूत्रावर जाते आणि परत येत नाही.

मग आलेखाचा उपयोग करून घ्यावा. ३६ सेंटिमीटर लांबी कोणीच मोजलेली नाही. आलेखावरून वेळ सांगा, वहीत लिहा आणि मग मोजा. उत्तर १२ सेकंदांच्या आसपास येते. पुढचे आव्हान याच्या उलट : एका सेकंदात बरोबर एक हेलकावा पूर्ण करणारा लंबक बनवा. दोरा २५ सेंटिमीटरच्या अगदी जवळ आणावा लागतो. तेथे पोहोचलेला गट आपला आलेख समजून वापरतो आहे, हे वेगळे तपासावे लागत नाही.

### १२. दावा, पुरावा, कारण

प्रत्येक मुलाने आता तीन वाक्ये लिहावीत : आमचे म्हणणे काय, ते कोणत्या आकड्यांवरून, आणि ते आकडे त्या म्हणण्याला का पुरेसे आहेत. शेवटी आपला पहिला अंदाज उघडून त्याखाली ‘अंदाज टिकला’ किंवा ‘अंदाज बदलला, कारण…’ असे लिहावे. जुना अंदाज खोडायचा नाही. फळ्याच्या कोपऱ्यातले पहिल्या दिवसाचे आकडेही याच वेळी पुन्हा वाचावेत.

वजनाचा परिणाम का दिसत नाही, हे मुले विचारतातच आणि मोजणीतून त्याचे उत्तर निघत नाही. येथे शिक्षकाने स्पष्ट सांगावे : जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण जड वस्तूला हलवायलाही त्याच प्रमाणात जास्त बळ लागते, म्हणून दोन्हींचा हिशेब सारखाच राहतो. शोधाधारित तासिकेत शिक्षकाने काहीच सांगू नये हा गैरसमज आहे. पुरावा हाती येईपर्यंत थांबायचे असते, एवढेच.

### १३. संज्ञा शेवटी

दोलन (एक पूर्ण हेलकावा), दोलनकाल (त्याला लागणारा वेळ), आयाम (मधल्या जागेपासून वजन किती दूर जाते) हे शब्द आता द्यावेत. मुलांनी या तीनही गोष्टी हाताळलेल्या असतात, त्यामुळे नावे चिकटायला वेळ लागत नाही. पाठाच्या पहिल्याच मिनिटाला व्याख्या लिहून देण्याची सवय येथे मोडावी लागते आणि ती मोडताना अवघडल्यासारखे वाटते, कारण पहिले दोन दिवस वहीत ‘काहीच लिहून दिलेले नाही’ असे पालकांना आणि कधी मुख्याध्यापकांनाही दिसते. त्यांना मुलांच्या नोंदींची पाने दाखवावीत.

## मूल्यमापन

‘लंबकाचा दोलनकाल कशावर अवलंबून असतो?’ या प्रश्नाचे उत्तर न मोजताही पाठ करता येते, म्हणून तो एकटा विचारू नये. त्याऐवजी एका काल्पनिक गटाचा सदोष तक्ता द्यावा, ज्यात वजन आणि लांबी दोन्ही बदलली आहेत, आणि ‘यावरून वजनाबद्दल काही म्हणता येईल का?’ असे विचारावे. दुसरा चांगला प्रश्न झोक्याचा : त्याच झोक्यावर बसून झोके घेतले आणि उभे राहून घेतले, तर एका झोक्याला लागणाऱ्या वेळात फरक पडेल का, आणि ते तपासायला तुम्ही काय काय मोजाल? उभे राहिल्यावर शरीराचा मध्य वर जातो, लंबक आखूड होतो आणि वेळ कमी लागतो. वजनाच्या वादात ज्यांनी नटाचा मध्य शोधला ती मुले हे उत्तर गाठतात. गुण देताना आराखड्याला आणि कारणाला उत्तराहून अधिक वजन द्यावे आणि हे वर्गाला आधीच सांगावे.

## पुढचे प्रश्न कोणत्या क्रमाने घ्यावेत

वर्षातल्या पहिल्या विषयात प्रश्न आणि साचा शिक्षकाने द्यावा, दुसऱ्यात प्रश्न द्यावा आणि आराखडा मुलांवर सोडावा, तिसऱ्यात प्रश्नही मुलांनी काढावा. लंबकानंतर विद्युतचुंबक घ्यायला सोयीचा आहे : खिळ्याभोवतीच्या तारेचे वेढे वाढवले तर किती टाचण्या उचलल्या जातात? मात्र सेल एका वेळी काही सेकंदांपुरताच जोडावा, कारण तार आणि सेल तापतात आणि सेल उतरत गेला तर वेढ्यांचा परिणाम व सेलचा परिणाम एकमेकांत मिसळतात. प्रत्येक मोजणीनंतर सुरुवातीच्या वेढ्यांवर परत येऊन सेल तेवढाच चालतो आहे का हे पाहावे.

मुगाच्या रुजण्याचा विषय तिसऱ्या टप्प्यावर ठेवावा. पाणी, उजेड, ऊब अशा अनेक गोष्टी त्यात एकदम बदलू शकतात, मोजणी काही दिवस चालते आणि सुटीच्या दिवशी कापूस कोरडा पडतो. शिवाय मूग अंधारातही रुजतात, आणि ‘बीज रुजायला सूर्यप्रकाश लागतो’ असा अंदाज बहुतेक मुले लिहितात. प्रत्येक बशीत किमान वीस दाणे घ्यावेत. तीन-चार दाण्यांतला एखादा मुळातच किडका निघाला तर सगळा निष्कर्ष फिरतो. पाण्याचे प्रमाण चमच्याने मोजावे आणि विषयाची सुरुवात सोमवारी करावी.